डबा वेगळा, डब्यातली भाकरी वेगळी

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एका घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. घरातील आजी वयाच्या ८४ व्या वर्षी कालकथित झाल्या. त्रिसरण-पंचशील झाले, बौद्धाचार्यांनी सूत्रपठण केले, चौघांनी आदरांजली वाहिली, आम्हीही दोन शब्द बोललो. नंतर चहा घेता घेता आमची नजर गॅलरीकडे गेली. कबुतरे बसू नयेत म्हणून तेथे दोऱ्याला तीन-चार सीडी टांगल्या होत्या. वाऱ्याने फिरत होत्या, उन्हात चमकत होत्या. त्यांतील एकीवर मार्करने लिहिलेले, पुसट झालेले अक्षर आमच्याच हातचे होते. 'धम्मचक्र प्रवर्तन दिन, सुवर्णमहोत्सव, २००६.'

वाचकांना आठवत असेल, २००६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेला ५० वर्षे पूर्ण झाली. आमच्या विहार समितीने तेव्हा ठरवले, की १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जी माणसे स्वतः नागपूरला हजर होती, त्यांचा सत्कार करायचा आणि त्यांना बोलते करायचे. वस्तीत अशी ११ माणसे निघाली. प्रत्येकाने पाच-सात मिनिटे आपली हकीकत सांगितली. शूटिंगवाल्याने दोन तासांचा कार्यक्रम टिपून सहा डीव्हीडी दिल्या. त्यांवर नावे घालण्याचे काम आमच्याकडे होते. त्या ११ जणांपैकी या आजी शेवटच्या. आता त्यांतले कोणीही हयात नाही.

आम्ही डिस्क सोडवून हातात घेतली, तेव्हा आजींचा नातू म्हणाला, "काका, ती आता कशाला? सगळं पेनड्राइव्हवर घेतलंय मी. तीन वर्षं झाली."

त्याने लगेच पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार झाले, बुद्धवंदना झाली, प्रास्ताविक झाले, पाहुण्यांचे स्वागत झाले. २७ व्या मिनिटाला सूत्रसंचालक म्हणाले, "आता ज्यांची आपण सारे वाट पाहत आहोत..." आणि चित्र थांबले. पुढे काहीच नाही.

घरात क्षणभर शांतता पसरली. वहिनींनी विचारले, "भाऊजी, आत्याबाई कुठं आहेत यात?"

आत्याबाई त्यात नव्हत्या. ११ पैकी कोणीच नव्हते. होती ती फक्त प्रस्तावना.

मुलगा बीएस्सीला आहे, हुशार आहे. त्याने आळस केला नव्हता. डिस्क उघडली, आत ज्या फाईली दिसल्या त्यांतील एक चालवून पाहिली, ती चालली, म्हणून तेवढीच उतरवून घेतली. डिस्कवर चित्र कसे भरून ठेवलेले असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आम्हा मोठ्यांनाही ते कोठे ठाऊक होते? आपण टीव्हीखालच्या यंत्रात डिस्क घालत होतो आणि बटण दाबत होतो. आत काय चालते हे विचारण्याची गरज पडली नाही. आता ती यंत्रे घरातून गेली आहेत आणि गरज पडली आहे. म्हणून या वेळच्या लेखात तोच विषय घेतला आहे.

डबा आणि भाकरी

प्रथम एक गोष्ट मनात पक्की करावी. चित्रफितीची फाईल म्हणजे एक डबा असतो. कामावर जाणारा माणूस चार कप्प्यांचा डबा नेतो. एका कप्प्यात भाकरी, दुसऱ्यात भाजी, तिसऱ्यात भात, चौथ्यात आमटी. तसेच या फाईलमध्ये चित्र वेगळे असते, आवाज वेगळा असतो, पडद्याखाली अक्षरे उमटत असतील तर तीही वेगळी असतात. फरक इतकाच, की येथे कप्पे एकावर एक नसून पदार्थ चमच्याचमच्याने आलटून-पालटून भरलेले असतात. थोडे चित्र, थोडा आवाज, पुन्हा थोडे चित्र. प्रत्येक घासावर वेळेचा शिक्का असतो, म्हणून वक्त्याचे ओठ आणि शब्द एकाच वेळी आपल्यासमोर येतात. संगणकाच्या जगात या डब्याला कंटेनर म्हणतात. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर जी तीन-चार अक्षरे असतात, ती बहुधा या डब्याची खूण असते.

आतला स्वयंपाक ही निराळी बाब. चित्र जसेच्या तसे ठेवले तर जागा पुरत नाही. डीव्हीडीच्या मापाचे चित्र म्हणजे रुंदीत ७२० आणि उंचीत ५७६ ठिपके, आणि दर सेकंदाला अशी २५ चित्रे. हे न दाबता भरले तर ४.७ जीबीची अख्खी डिस्क जेमतेम ५ मिनिटांत भरून जाईल. म्हणून चित्र दाबून भरतात. दोन लागोपाठच्या चित्रांत जे बदलले नाही ते पुन्हा लिहीत नाहीत, जे बदलले तेवढेच लिहितात. मागची भिंत तीच राहते, हलतो तो वक्त्याचा हात. या दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात.

डबा एक आणि स्वयंपाक दुसरा, हे ध्यानात आले की निम्मे कोडे सुटते. मोबाईलवर चित्र दिसते पण आवाज येत नाही, असा अनुभव पुष्कळांना असेल. आपण म्हणतो, फाईल बिघडली. बहुतेक वेळा फाईल धडधाकट असते. मोबाईलने डबा उघडला, चित्राची पद्धत त्याला कळली, आवाजाची कळली नाही. डीव्हीडीवरचा आवाज पुष्कळदा डॉल्बी पद्धतीने भरलेला असतो आणि तो उलगडणे प्रत्येक मोबाईलला येत नाही. अशा वेळी फाईल पुसून टाकू नये. संगणकावर व्हीएलसी नावाचा मोफत प्लेअर घालावा. तो जवळजवळ सर्व डबे उघडतो आणि सर्व भाज्या ओळखतो.

व्हीसीडी

आपण सगळ्याच डिस्कला सीडी म्हणतो. पण पाहायला सारख्या असल्या तरी त्यांची घरे वेगळी आहेत. लग्नाच्या आणि जयंतीच्या जुन्या डिस्क बहुधा व्हीसीडी असतात. तिचे नियम १९९३ साली ठरले. तिच्यावर ७४ मिनिटांचे चित्र मावते, म्हणून तर एका मंगल परिणयाच्या दोन-तीन डिस्क मिळत आणि मोठा चित्रपट भाग १, भाग २ असा येई. चित्राचे माप रुंदीत ३५२ आणि उंचीत २८८ ठिपके एवढेच, म्हणून आजच्या मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसते. तो त्या डिस्कचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

व्हीसीडी संगणकात उघडली की आत चार-पाच फोल्डर दिसतात. त्यांतील एमपीईजीएव्ही या नावाच्या फोल्डरमध्ये कार्यक्रम असतो. फाईलच्या नावाच्या शेवटी डीएटी ही अक्षरे असतात. डीएटी म्हणजे नुसती माहिती. या अक्षरांवरून आत चित्र आहे हे संगणकाला समजत नाही, म्हणून तो विचारतो, ही फाईल कशाने उघडू? माणूस घाबरतो आणि डिस्क बाजूला ठेवतो. घाबरू नये. व्हीएलसी ती फाईल थेट चालवतो.

व्हीसीडीचा एक कच्चा दुवा मात्र आहे. साध्या माहितीच्या सीडीवर चूक दुरुस्त करण्यासाठी जादा जागा राखलेली असते. व्हीसीडीवर चित्रासाठी ती जागाही वापरून टाकली आहे. म्हणून तिच्यावरचा ओरखडा लवकर भोवतो, आणि फाईल उतरवताना संगणक मध्येच अडकतो. म्हणजे व्हीसीडीला आधी हात घालावा, डीव्हीडीला नंतर.

भीमगीतांच्या गाण्याच्या सीडीबद्दलही येथेच सांगून टाकतो. ती संगणकात घातली की सीडीए अशी अक्षरे असलेल्या छोट्या छोट्या फाईली दिसतात. त्या उतरवून घेतल्या तर हाती काहीच लागत नाही, कारण त्या फाईलमध्ये गाणे नसतेच. गाणे डिस्कवर कोठे सुरू होते त्याचा तो पत्ता असतो. पाकिटावरचा पत्ता जपून ठेवला आणि आतले पत्र फेकून दिले, अशी गत होते. गाण्याची सीडी उतरवायची तर प्लेअरमधील 'रिप' हा पर्याय वापरावा लागतो.

डीव्हीडी

डीव्हीडीचे यंत्र जपानात १९९६ साली बाजारात आले. पुढे आपल्याकडेही लग्नाचे, जयंतीचे शूटिंग या डिस्कवर मिळू लागले. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावते, दुहेरी थराच्या डिस्कवर ८.५ जीबी. एका कार्यक्रमाला आठपर्यंत वेगवेगळे आवाज आणि बत्तीसपर्यंत अक्षरांच्या पट्ट्या जोडता येतात. म्हणून एकच चित्रपट अनेक भाषांत पाहता येतो.

ती संगणकात उघडली की व्हिडिओ टीएस या नावाचे फोल्डर दिसते. शेजारी ऑडिओ टीएस नावाचे फोल्डर असते, ते बहुधा रिकामेच असते. रिकामे पाहून डिस्क खराब झाली असे समजू नये. व्हिडिओ टीएसच्या आत तीन प्रकारच्या फाईली असतात, आणि ज्यांनी कार्यालयात कारकुनी केली आहे त्यांना त्या चटकन समजतील.

पहिली आयएफओ. ही अनुक्रमणिका. कोणता भाग कोठे सुरू होतो, कोणत्या भागामागून कोणता भाग यायचा, हे हिच्यात लिहिलेले असते. दुसरी बीयूपी. ही त्या अनुक्रमणिकेची कार्बन प्रत. मूळ पान वाचता आले नाही तर यंत्र या प्रतीवरून काम चालवते. तिसरी व्हीओबी. हा खरा डबा. चित्र, आवाज, अक्षरे सर्व हिच्यात.

आता खरी मेख येथे आहे. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे व्हीओबीचा एक तुकडा १ जीबीच्या आत असावा लागतो. कार्यक्रम दोन तासांचा असेल तर त्याचे चार-पाच तुकडे पडतात. हे तुकडे वाक्य पाहून, प्रसंग पाहून पाडलेले नसतात, वजन पाहून पाडलेले असतात. जाड नस्तीचे चार गठ्ठे बांधावेत आणि एक गठ्ठा पत्राच्या मधल्या ओळीवरच संपावा, तसे हे असते. टीव्हीखालचे यंत्र अनुक्रमणिका वाचून एकामागून एक तुकडा लावत जाते, म्हणून आपल्याला सांधा दिसत नाही. पण हाताने एकच तुकडा उचलला, की सूत्रसंचालकाचे वाक्य अर्ध्यावर तुटते.

आमच्या त्या मुलाने पाचपैकी पहिला गठ्ठा उचलला होता. आजी तिसऱ्या गठ्ठ्यात होत्या.

ब्लू-रे आणि कॅमेऱ्याची कार्डे

ब्लू-रे डिस्क २००६ पासून बाजारात आली. तिच्यावर २५ किंवा ५० जीबी मावते. आपल्या घरांत ती फारशी आली नाही. परंतु तिच्याच घराण्यातील एव्हीसीएचडी ही पद्धत, तीही २००६ सालचीच, व्हिडिओ कॅमेऱ्यांत आली. त्यामुळे कोणाकडे जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डावर एमटीएस किंवा एम२टीएस अशा नावाच्या फाईली असतील. त्यांतही आतील एसटीआरईएएम या फोल्डरमध्ये चित्र असते आणि बाजूच्या फोल्डरमध्ये त्याची यादी असते. लांब भाषणाचे तुकडे येथेही पडतात. म्हणून नियम तोच, एक फाईल उचलू नये, संपूर्ण फोल्डर उचलावे.

डबा बदलणे आणि पुन्हा शिजवणे

आता पुढचा प्रश्न. घरोघरी ती यंत्रे राहिली नाहीत, मोबाईल आहे. मग हे सारे मोबाईलवर कसे पाहायचे?

त्याचे दोन मार्ग आहेत आणि दोहोंतला भेद समजून घेतला पाहिजे. पहिला मार्ग डबा बदलण्याचा. व्हीओबीच्या पाच तुकड्यांतील चित्र आणि आवाज जसेच्या तसे काढून एकाच मोठ्या डब्यात ठेवायचे. एमकेव्ही नावाचा डबा यासाठी सोयीचा आहे. मेकएमकेव्ही नावाचा प्रोग्राम हे काम करतो. यात चित्राला धक्का लागत नाही. पितळी डब्यातील भाकरी स्टीलच्या डब्यात ठेवली, भाकरी तीच.

दुसरा मार्ग पुन्हा शिजवण्याचा. जुन्या पद्धतीने दाबलेले चित्र पूर्ण उलगडायचे आणि नव्या पद्धतीने पुन्हा दाबायचे. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्राम हे करतो आणि एमपी४ फाईल देतो. ती कोणत्याही मोबाईलवर चालते आणि आकाराने लहान असते. पण दर वेळी दाबताना चित्रातील बारकावे थोडे गळतात. एकदा गळलेले परत येत नाहीत. व्हॉट्सॲपवरून पाठवलेले चित्र पाठवतानाच पुन्हा दाबले जाते. पाच जणांकडून फिरून आलेल्या भाषणात आजीचा चेहरा ओळखू येत नाही, त्याचे कारण हेच.

म्हणून आमचा आग्रह असा, की मूळ प्रत आणि वापरायची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. मूळ प्रत न शिजवता, आहे तशी जपावी. नातेवाइकांना पाठवायला एमपी४ करावी, हवी तेवढी पाठवावी. कार्यालयात मूळ कागद नस्तीत राहतो आणि झेरॉक्स फिरते. मूळ कागदच फिरायला दिला तर काय होते, हे आपल्या समाजाने जातीच्या दाखल्यांच्या आणि जमिनीच्या उताऱ्यांच्या बाबतीत पुष्कळ सोसले आहे.

कामाचा क्रम

घरातील सर्व डिस्क एकत्र काढाव्यात. स्वतः रेकॉर्ड केलेल्या डिस्क ओळखणे सोपे आहे, त्यांवर छापील चित्र नसते, हाताने लिहिलेले असते आणि पाठीमागची बाजू जांभळट किंवा हिरवट दिसते. त्या आधी घ्याव्यात. त्यांत माहिती एका रंगाच्या थरात असते आणि तो रंग उन्हाने, उष्णतेने उडतो. गॅलरीतील आमची ती डिस्क विहारातील संगणकात घातली, तेव्हा यंत्र नुसते घरघरत राहिले. दोन उन्हाळ्यांनी तिला पुसून टाकले होते.

डिस्क कडेने धरावी. पुसायची तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. सीडीची नाव लिहायची बाजू सर्वांत नाजूक असते, कारण माहितीचा थर तिच्या अगदी खालीच असतो. तेथे बॉलपेन टोचू नये, कागदी लेबल चिकटवू नये. डीव्हीडीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित.

नव्या लॅपटॉपला डिस्क घालण्याची जागा नसते. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. विहार समितीने असा एक ड्राइव्ह घेतला तर साऱ्या वस्तीचे काम होईल.

डीव्हीडी असेल तर व्हिडिओ टीएस हे संपूर्ण फोल्डर उतरवावे. व्हीसीडी असेल तर सगळ्याच फाईली उतरवाव्यात. काही जण अख्ख्या डिस्कची आयएसओ नावाची एकच फाईल करतात. तीही चांगली, कारण ती डिस्कची हुबेहूब प्रत असते. फक्त तेथे एक अडचण येते. लहान पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या पद्धतीने आखलेले असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. भरलेल्या डीव्हीडीची आयएसओ त्याहून मोठी होते. जागा शिल्लक असूनही पेनड्राइव्ह फाईल घेत नाही, ते यामुळे. व्हीओबीचे तुकडे मात्र १ जीबीच्या आतले असल्याने तेथे खुशाल बसतात. ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर पूर्ण भरलेल्या १३ डीव्हीडी मावतात.

घरी रेकॉर्डरवर केलेली डीव्हीडी दुसऱ्या यंत्रात रिकामी दिसत असेल, तर ती 'फायनलाइज' करायची राहून गेलेली असण्याचा संभव असतो. ती फेकू नये, ज्या रेकॉर्डरवर केली तो मिळवून तेथे ते काम पुरे करावे.

उतरवून झाल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी चालवून पाहावे. नुसते उघडले म्हणजे झाले असे नव्हे. त्यानंतर दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, एक घरी आणि एक विहारात. फोल्डरला वर्ष, प्रसंग, गाव आणि बोलणाऱ्यांची नावे द्यावीत. 'न्यू फोल्डर' हे नाव म्हणजे बेवारस मुलासारखे आहे. आणि हे सर्व झाल्यावरही मूळ डिस्क डबीत उभी ठेवून कपाटात ठेवावी, खिडकीत नव्हे.

एक खुलासा. बाजारातील चित्रपटांच्या डिस्कला पुष्कळदा कुलूप असते आणि त्यावर कोणाचे तरी हक्क असतात. आम्ही सांगतो आहोत ते आपल्या घरच्या, आपल्या विहाराच्या, आपल्या पैशाने केलेल्या शूटिंगविषयी.

तिसरा गठ्ठा

आता त्या डीव्हीडीचे पुढे काय झाले ते सांगतो. सहा प्रतींपैकी एक गॅलरीत गेली. विहारातील प्रत छत गळून कपाट भिजले त्या पावसाळ्यात गेली. तिघांकडे सापडली नाही. सहावी तेव्हाच्या खजिनदारांच्या घरी निघाली. त्यांच्या पत्नीने ती लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवली होती. आम्ही विचारले, "ताई, ही एवढी जपून का ठेवलीत?" त्या म्हणाल्या, "त्यात आमचे सासरे बोललेत ना दादा."

संपूर्ण फोल्डर उतरायला अर्धा तास लागला नाही. पाचही गठ्ठे आले. त्या संध्याकाळी आम्ही पेनड्राइव्ह घेऊन आजींच्या घरी गेलो. तासाभराच्या पुढे, तिसऱ्या गठ्ठ्यात, पांढऱ्या पातळातील आजी माईकसमोर उभ्या राहिल्या. माईक उंच होता, तो कोणीतरी खाली केला. त्या म्हणाल्या, की मी १६ वर्षांची होते, धाकट्या भावाचा हात सुटू नये म्हणून त्याच्या मनगटाला पदराची गाठ बांधली होती. गर्दी इतकी, की बाबासाहेब आम्हाला दिसलेच नाहीत. भोंग्यातून आवाज ऐकू येत होता. त्या आवाजामागोमाग आम्ही प्रतिज्ञा म्हटल्या. दिसले नाहीत, पण ऐकले, एवढे सांगून आजी बसल्या.

नातवाने ते तीन वेळा लावले. मग तो हळूच म्हणाला, "काका, मी डिलीटच केलं असतं हो हे."

आम्ही त्याला म्हटले, आता वस्तीतील बाकीच्या डिस्क तू उतरव. तो कामाला लागला आहे.

बाबासाहेबांचा आवाज आपण आजही ऐकू शकतो, बीबीसीने १९५५ साली घेतलेली त्यांची मुलाखत जपली गेली म्हणून. त्यांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडांच्या रूपाने काढली, वसंत मून यांनी त्यासाठी जन्म वेचला, पण त्याआधी ते कागद कोणीतरी जपले होते म्हणूनच ते खंड निघू शकले. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली गेले. त्यांचा एखादा जलसा कोणाच्या जयंतीच्या डिस्कवर असेलही. दीक्षाभूमीवर उभे राहिलेल्या साध्या माणसांची साक्ष मात्र कोणत्याही खंडात नाही. ती आपल्या ट्रंकेत आहे, आणि तो रंग दर उन्हाळ्यात थोडा थोडा उडतो आहे.

म्हणून आमची विनंती अशी, की येत्या पौर्णिमेला प्रत्येक विहाराने वंदनेनंतर एक तास या कामाला द्यावा. माता-भगिनींनी ट्रंका उघडाव्यात, मुलांनी संगणक आणावा, आणि आमच्यासारख्यांनी वही घेऊन नोंद करावी. डबे अनेक येतील. आज एमपी४ आहे, उद्या आणखी काही येईल. डबा बदलायला हरकत नाही, आतली भाकरी सांडू देऊ नये.

जयभीम!